स्वयंप्रतिकारजन्य विस्फोट-व्याधी आणि प्रतिकारशक्ती-दमन करणारी औषधे : ग्रामीण वैद्य व औषध विक्रेते यांचे कर्तव्य

प्रस्तावना

त्वचेवर फोड येणे ही आपल्या व्यवसायात नित्याची तक्रार आहे. उन्हाळ्यातील घामोळ्या, पावसाळ्यातील पूययुक्त पीटिका, बिब्ब्याने उतलेली त्वचा, नागीण, कांजिण्या असे विविध रुग्ण आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले आहेत. यांतील बहुतेक व्याधी अल्पकाळात बरे होतात. परंतु फोडांचा एक लहानसा गट असा आहे की ज्यात रुग्णाचे स्वतःचे प्रतिकारसामर्थ्यच त्याच्या त्वचेविरुद्ध उभे राहते. या गटातील पेंफिगस नावाचा व्याधी योग्य चिकित्सेअभावी प्राणघातक ठरतो. त्यावर आज मोठ्या रुग्णालयांत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली जातात. ही औषधे सुरू करण्याचे काम आपले नाही. तथापि ती सुरू असलेला रुग्ण गावी परततो, तेव्हा तो आपल्याच दारी येतो आणि गोळ्या आपल्याच परिसरातील औषध दुकानातून घेतो. अशा वेळी आपण काय जाणले पाहिजे व काय टाळले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा व नवापूर तालुक्यातील आसपासचे पाडे हे आमचे कार्यक्षेत्र. तेथील एका रुग्णेमुळे हा लेख लिहिण्याची आवश्यकता आम्हांस वाटली. तो प्रसंग आमच्या चुकांसह येथे नोंदवीत आहोत.

रुग्णवृत्त

सुमारे ४८ वर्षे वयाची शेतमजूर स्त्री तोंडातील व्रणांची तक्रार घेऊन आली. हंगामात ती मिरची खुडण्याच्या कामास जात असे. मिरचीच्या धसक्याने व तिखट चटणीने तोंड आले असावे, असे तिचे व आमचेही मत झाले. मुखपाक समजून आम्ही त्रिफळा क्वाथाचे गंडूष व खदिरादि वटी दिली. थोडे बरे वाटे, पुन्हा व्रण उठत. असे तीन महिने गेले. मग छातीवर व पाठीवर सैल, पातळ आवरणाचे फोड उठले. ते सहज फुटत व उघडी, ओलसर जागा मागे राहत असे. तेव्हा मात्र आम्ही तिला शहरातील त्वचारोग विभागाकडे पाठविले. फोडाचा तुकडा तपासून पेंफिगस व्हल्गॅरिस असे निदान झाले. प्रेडनिसोलोन दररोज ४० मि.ग्रॅ. व सोबत ॲझाथायोप्रिन सुरू झाले. काही आठवड्यांत फोड थांबले, व्रण भरले.

दिवाळीनंतर ती कुटुंबासह दक्षिण गुजरातेत ऊसतोडीस निघाली. जाण्यापूर्वी दवाखान्यात येऊन तिने विचारले, “दादा, आता फोड नाहीत, मग गोळी कशाला?” रुग्णांची गर्दी होती. आम्ही म्हणालो, “परत आलात की पाहू, ताई.” या उत्तराचा तिने जो अर्थ घेतला तो तिच्या दृष्टीने योग्यच होता. पडावावर गोळ्या संपल्या, चेहराही सुजल्यासारखा गोल दिसू लागला होता, म्हणून तिने त्या सोडून दिल्या. साधारण दहा दिवसांनी ओकाऱ्या, पोटदुखी, अत्यंत थकवा व उभे राहताच चक्कर अशा अवस्थेत तिला आमच्याकडे आणले. रक्तदाब ८०/५० होता. अतिश्रमाने आलेले दौर्बल्य व अजीर्ण अशी आमची प्रथम कल्पना झाली. पतीच्या पिशवीतील गोळ्यांचे रिकामे वेष्टन पाहिल्यावर खरे कारण ध्यानी आले. शेजारच्या एम.बी.बी.एस. सहकाऱ्यांना तातडीने बोलावले. त्यांनी शिरेतून सलाईन व हायड्रोकॉर्टिसोन १०० मि.ग्रॅ. देऊन तिला रुग्णालयात हलविले. ती वाचली. परंतु फोड पुन्हा उठले व चिकित्सा पहिल्यापासून सुरू करावी लागली.

या वृत्तात आमच्या दोन चुका आहेत. तीन महिने न भरणारे मुखव्रण आम्ही साधे मुखपाक मानले, ही पहिली. स्पष्ट उत्तराच्या जागी संदिग्ध वाक्य बोललो, ही दुसरी. दोन्ही टाळता आल्या असत्या. पुढील विवेचन हे त्या दोन चुकांचेच विवेचन होय.

व्याधीचे स्वरूप

आपल्या त्वचेच्या वरच्या थरातील पेशी एकमेकींना विशिष्ट प्रथिनांच्या आधाराने चिकटलेल्या असतात. यांतील मुख्य प्रथिने म्हणजे डेस्मोग्लीन १ व डेस्मोग्लीन ३. पेंफिगसमध्ये शरीर या प्रथिनांविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण करते. भिंतीच्या विटांमधील चुना विरघळावा त्याप्रमाणे पेशी सुट्या होतात आणि त्यांच्यामध्ये द्रव साठून फोड बनतो. फोड त्वचेच्या वरच्या भागात असल्याने त्याचे आवरण पातळ असते व तो लवकर फुटतो. डेस्मोग्लीन ३ हे मुखाच्या श्लेष्मल त्वचेत प्राधान्याने असते. म्हणून पेंफिगस व्हल्गॅरिसचा आरंभ पुष्कळ रुग्णांत तोंडातच होतो, व त्वचेवर फोड कित्येक आठवडे वा महिने नंतर येतात. पेंफिगस फोलिएशियस या प्रकारात मात्र तोंड सुटते व त्वचेवर पापुद्रे सुटणारे उथळ व्रण दिसतात.

दुसरा महत्त्वाचा व्याधी बुलस पेंफिगॉइड. तो प्रायः वृद्धांना होतो. यात प्रतिपिंडांचा आघात त्वचेच्या वरच्या व खालच्या थरांमधील सांध्यावर होतो. त्यामुळे फोड ताठ, जाड आवरणाचे असतात, कंडू तीव्र असते व मुखात व्रण क्वचितच येतात. वॉल्टर लीव्हर या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हे दोन व्याधी भिन्न असल्याचे दाखविले. १९६४ मध्ये ब्यूटनर व जॉर्डन यांनी पेंफिगसच्या रुग्णांच्या रक्तात त्वचेविरुद्धची प्रतिपिंडे सिद्ध केली. तोवर या व्याधीचे कारण अज्ञातच होते.

हा व्याधी दुर्मीळ आहे. केरळातील थ्रिसूर जिल्ह्यातील एका अभ्यासात वर्षाला दहा लाखांमागे सुमारे ४ नवे रुग्ण आढळले. म्हणजे एका वैद्याच्या संपूर्ण व्यवसायकाळात असे दोन-चार रुग्णच येतील. म्हणूनच तो विसरला जातो.

सापेक्ष निदान

फोडाचा रुग्ण आल्यास पुढील व्याधींचा क्रमाने विचार करावा.

१. बिब्बा लागून उतणे : हात, चेहरा, मांड्या अशा स्पर्शाच्या जागी, काळसर डागासह. बिब्बा फोडणारे अथवा औषध म्हणून लावणारे रुग्ण विचारल्यावर सांगतात.
२. कीटकदाह : पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा लहान भुंगा चिरडल्याने उठणारी रेषाकार, जळजळणारी फोडांची पट्टी.
३. नागीण : शरीराच्या एकाच बाजूस, पट्ट्याच्या आकारात, वेदनायुक्त.
४. पूययुक्त पीटिका : लहान मुलांत, मधासारख्या खपल्या धरणारी, संसर्गजन्य.
५. औषधजन्य विस्फोट : वेदनाशामक, सल्फा, अपस्माराची औषधे यांच्यानंतर एक ते चार आठवड्यांत ज्वरासह तोंड, डोळे व त्वचा सोलली जाणे. हा आत्ययिक व्याधी असून रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावा.

यांपैकी काहीच जुळत नसेल आणि खालीलपैकी एखादे लक्षण असेल, तर पेंफिगसची शंका घ्यावी : तीन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारे मुखव्रण, निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर आपोआप उठणारे सैल फोड, फुटल्यावर परिघाकडे वाढत जाणारा ओला व्रण, फोडाजवळची त्वचा अंगठ्याने हलके बाजूस सरकवल्यास सुटून येणे. हे शेवटचे लक्षण एकदाच पहावे. पुनःपुन्हा पाहिल्याने व्रण वाढतो.

निश्चित निदानासाठी ताज्या फोडाचा तुकडा व लगतच्या त्वचेचा दुसरा तुकडा तपासला जातो. दुसरा तुकडा नेहमीच्या फॉर्मालिनमध्ये ठेवल्यास प्रतिपिंडांची तपासणी निरुपयोगी होते, त्यासाठी वेगळे द्रावण लागते. म्हणून हे काम त्वचारोग विभागातच होऊ द्यावे. आपल्या जिल्ह्यात नंदुरबार येथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खांडबाऱ्याच्या रुग्णास रेल्वेने सुरतेची वाटही खुली आहे.

आयुर्वेदीय दृष्टी

चरकाचार्यांनी अकरा क्षुद्रकुष्ठांत विस्फोटाची गणना केली असून पातळ त्वचेचे फोड हे त्याचे लक्षण सांगितले आहे. माधवनिदानात विस्फोटाचे स्वतंत्र वर्णन आहे. पित्त व रक्त यांची दुष्टी, दाह, स्राव, ज्वर ही चित्रे पेंफिगसशी बऱ्याच अंशी जुळतात. परंतु नाम जुळले म्हणून चिकित्सा जुळते असे नव्हे. विस्फोट या संज्ञेत आज भिन्न ठरलेले अनेक व्याधी सामावलेले आहेत. त्यांतील साध्य व असाध्य वेगळे करणे हेच वैद्याचे प्रथम कर्तव्य होय. ज्या रुग्णाची त्वचा बोटाच्या दाबाने सुटते त्यास अभ्यंग, स्वेदन, उद्वर्तन वा लेप सोसत नाही. ज्याच्या उघड्या व्रणांतून द्रव व प्रथिने वाहून जात आहेत अशा क्षीणबल रुग्णास वमन, विरेचन वा रक्तमोक्षण करणे हे बलाचा विचार न करता केलेले शोधन ठरेल.

प्रतिकारसामर्थ्यास आपल्या शास्त्रात व्याधिक्षमत्व ही संज्ञा आहे. सामान्यतः ते वाढविणे हे आपले ध्येय असते. या व्याधीत मात्र तेच सामर्थ्य चुकीच्या दिशेने प्रवृत्त झालेले असते. त्यामुळे “प्रतिकारशक्ती वाढवा” हा सर्वसाधारण उपदेश येथे लागू पडत नाही. ही गोष्ट रुग्णास व त्याच्या नातेवाइकांस समजावून सांगणे कठीण जाते, तरी ती सांगितलीच पाहिजे.

औषधांचा इतिहास

कॉर्टिकोस्टेरॉइड उपलब्ध होण्यापूर्वी पेंफिगस व्हल्गॅरिसचे बहुसंख्य रुग्ण दगावत. १९५० च्या दशकात ही औषधे वापरात आली आणि चित्र पालटले. परंतु दीर्घकाळ मोठी मात्रा दिल्याने मधुमेह, हाडांची झीज, जंतुसंसर्ग यांनी रुग्ण जाऊ लागले. व्याधीने मरणारे कमी झाले व औषधाने मरणारे दिसू लागले. म्हणून स्टेरॉइडची मात्रा कमी करता यावी यासाठी सायक्लोफॉस्फामाइड, ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट ही साहाय्यक औषधे आली.

या बाबतीत भारताचे योगदान मोठे आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. जे. एस. पसरीचा यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी स्पंद-चिकित्सा, म्हणजे पल्स थेरपी, वापरात आणली. डेक्सामेथासोन १०० मि.ग्रॅ. शिरेतून सलग तीन दिवस, त्यांतील एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड ५०० मि.ग्रॅ., असा क्रम दर २८ दिवसांनी दिला जातो. मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची ५० मि.ग्रॅ.ची गोळी रोज चालू राहते. फोड थांबल्यावरही नऊ महिने स्पंद चालू ठेवतात व त्यापुढे नऊ महिने केवळ गोळी देतात. देशभर असंख्य रुग्णांना या पद्धतीने दिलासा मिळाला. अपत्येच्छा असणाऱ्यांत सायक्लोफॉस्फामाइडने वंध्यत्वाचा धोका असल्याने त्यांना ते वगळून केवळ डेक्सामेथासोनचे, अथवा ॲझाथायोप्रिनसह स्पंद देण्याचा प्रघात पडला.

अलीकडचे औषध रिटुक्झिमॅब. ते प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी नष्ट करते. भारतात २००७ मध्ये त्याची देशी जैवसदृश आवृत्ती बाजारात आली. फ्रान्समधील ९० रुग्णांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, रिटुक्झिमॅब व अल्पकाळ प्रेडनिसोन घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधांविना व्याधिमुक्त होते. केवळ प्रेडनिसोन घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. २०१८ मध्ये अमेरिकेने पेंफिगससाठी त्यास मान्यता दिली.

बुलस पेंफिगॉइडसाठी वेगळा विचार आहे. वृद्धांस तोंडाने स्टेरॉइड देणे धोक्याचे असते. फ्रान्समधील २००२ च्या अभ्यासात विस्तृत व्याधी असलेल्यांत, तीव्र क्लोबेटासोल मलम सर्वांगास लावणाऱ्यांपैकी ७६ टक्के रुग्ण वर्षअखेर हयात होते, तर तोंडाने प्रेडनिसोन घेणाऱ्यांत ५८ टक्के. मलम हे नेहमीच दुय्यम औषध असते, हा समज येथे खोटा ठरतो.

औषधे घेणाऱ्या रुग्णाकडे पाहताना

खांडबारा परिसराच्या दृष्टीने पुढील बाबी विशेष लक्षात ठेवाव्यात.

क्षय : प्रतिकारशक्ती दबल्यावर शरीरात सुप्त असलेला क्षय जागृत होतो. दोन आठवड्यांवर खोकला, सायंज्वर, वजनात घट असल्यास थुंकी व छातीची तपासणी करवावी. क्षयावरील रिफाम्पिसिन हे प्रेडनिसोलोनचे शरीरातील विघटन वाढविते. त्यामुळे क्षयचिकित्सा सुरू होताच फोड परत येऊ शकतात. दोन्ही वैद्यकांना एकमेकांची औषधे कळविणे आवश्यक आहे.

कृमी : अनवाणी शेतात काम करणाऱ्यांत त्वचेतून शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस नावाचा कृमी असू शकतो. स्टेरॉइडमुळे तो सर्व शरीरात पसरून प्राणघातक ठरतो. चिकित्सेपूर्वी कृमिनाशन झाले आहे का, हे विचारावे.

सिकलसेल : आपल्या आदिवासी बांधवांत हा आनुवंशिक दोष आढळतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात त्याची तपासणी केली जाते. सिकलसेल व्याधी असलेल्यांत स्टेरॉइडने तीव्र वेदनेचे झटके उद्भवू शकतात. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यास ॲझाथायोप्रिन वा सायक्लोफॉस्फामाइड दिल्यास अस्थिमज्जेवर दुहेरी भार पडतो. रुग्णाचे सिकलसेल कार्ड त्वचातज्ज्ञांना दाखविण्यास सांगावे.

डॅप्सोन : काही फोडांच्या व्याधींत हे दिले जाते. जी-६-पी-डी या विकराची कमतरता असणाऱ्यांत त्याने रक्तपेशी फुटतात. काळसर मूत्र, कावीळ, धाप दिसताच औषध थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. सिकलसेल व जी-६-पी-डी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. एक झाली म्हणून दुसरी झाली असे समजू नये.

यकृतदाह ब : रिटुक्झिमॅबने सुप्त ब-प्रकारचा विषाणू उसळतो. त्याची तपासणी आधी झालेली असावी.

लसीकरण : मोठ्या मात्रेत ही औषधे घेणाऱ्यास जिवंत विषाणूंच्या लसी देऊ नयेत. घरात कांजिण्या झाल्यास रुग्णास वेगळे ठेवून तज्ज्ञांचा सल्ला त्वरित घ्यावा.

नित्य तपासणीत वजन, रक्तदाब, रक्तशर्करा, मुखातील पांढरा थर, पायावरील सूज, नितंबाच्या सांध्यातील वेदना पहाव्यात. सायक्लोफॉस्फामाइड घेणाऱ्याने पुष्कळ पाणी प्यावे. मूत्रात रक्त दिसल्यास तात्काळ कळवावे. ॲझाथायोप्रिन व मायकोफेनोलेट घेणाऱ्यांच्या पेशीगणना व यकृताच्या तपासण्या ठरलेल्या दिवशी झाल्या की नाही, हे विचारण्याचे काम आपणच करू शकतो.

औषध एकाएकी का थांबवू नये

मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल निर्माण करते. प्रेडनिसोलोनची ५ मि.ग्रॅ. मात्रा सुमारे २० मि.ग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोनच्या बरोबरीची असते. बाहेरून मोठी मात्रा तीन आठवड्यांहून अधिक काळ मिळाल्यास ग्रंथी आपले काम थांबविते. मग गोळी एकाएकी बंद केली तर शरीरास बाहेरूनही नाही व आतूनही नाही अशी अवस्था येते. ओकारी, पोटदुखी, रक्तदाब उतरणे, गुंगी व मृत्यू असा क्रम घडू शकतो. आमच्या रुग्णेस हेच घडले. ज्वर, अतिसार, अपघात अथवा शस्त्रक्रिया यांच्या वेळी तर गरज वाढते. म्हणून अशा रुग्णास ओकारीमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर ती आत्ययिक अवस्था समजावी व सूचिकाभरणाची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे.

हे तत्त्व आपल्या शास्त्रास परके नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात, अहितकर परंतु अभ्यस्त झालेली वस्तू एकदम न सोडता एकेक चतुर्थांशाने, अंतर ठेवून सोडावी, असा पादांशिक क्रम सांगितला आहे. सात्म्य झालेले एकाएकी तोडल्यास शरीर बिघडते, हे तेथील मर्म आहे. स्टेरॉइड सोडण्याचा क्रमही याच मर्मावर आधारलेला आहे. मात्र प्रत्यक्ष किती व कधी कमी करावयाचे, हे व्याधीचे बल पाहून त्वचातज्ज्ञांनीच ठरवावे. विशेषतः मात्रा लहान झाल्यावर ती अधिक सावकाश कमी केली जाते. रुग्णास वाटते की आता एवढीशी गोळी सोडली तरी चालेल. धोका नेमका तेथेच असतो.

आमच्या भागात दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीस जातात व पुष्कळ जण होळीस परततात. हा काळ गोळ्या तुटण्याचा काळ आहे. यास्तव आता आम्ही अशा प्रत्येक रुग्णास निघण्यापूर्वी बोलावतो. तज्ज्ञांच्या चिठ्ठीनुसार पूर्ण मुदतीच्या गोळ्या सोबत आहेत का, पुढील तपासणीची तारीख कोणती, पडावापासून जवळचे शासकीय रुग्णालय कोणते, हे पाहतो. एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो : “हा रुग्ण स्टेरॉइड घेत आहे. गोळी एकाएकी बंद करू नये. ओकाऱ्या अथवा बेशुद्धी आल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.” खाली औषधाचे नाव, मात्रा व दिनांक असतो. हा कागद गुजराती जाणणाऱ्याकडून गुजरातीतही लिहवून घेतो.

औषध विक्रेत्यांसाठी

१. ही औषधे तज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. प्रेडनिसोलोन अनुसूची ‘एच’ मधील औषध आहे. सांधेदुखी वा अशक्तपणासाठी “तीच गोळी द्या” म्हणून मागणाऱ्यास नकार द्यावा.
२. मात्र चालू रुग्णाची चिठ्ठी जुनी झाली म्हणून त्यास रिक्त हस्ते परत पाठवून विषय संपवू नये. चिठ्ठी देणाऱ्या तज्ज्ञांशी अथवा जवळच्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांशी त्याच दिवशी दूरध्वनीवर संपर्क साधून नवी चिठ्ठी मिळवून द्यावी. शक्य तर साठा संपण्याच्या आठवडाभर आधी रुग्णास सूचना द्यावी.
३. मिथोट्रेक्सेट हे त्वचारोगांत आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरते. वेष्टनावर वाराचे नाव लिहून द्यावे व रुग्णाकडून ते वदवून घ्यावे.
४. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यास वातरक्तावरील ॲलोप्युरिनॉल अथवा फेबुक्सोस्टॅट दिल्यास पेशीगणना धोकादायक प्रमाणात घटते. अशी चिठ्ठी आल्यास औषध देण्यापूर्वी वैद्यकास विचारावे.
५. स्टेरॉइड घेणाऱ्यास परस्पर वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. आमाशयात व्रण व रक्तस्राव होतो.
६. गावोगाव विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून दिलेल्या पुडीने दुसऱ्याच दिवशी जादूसारखा आराम पडत असेल तर संशय घ्यावा. अशी पुडी दीर्घकाळ घेणाऱ्यालाही ती एकाएकी बंद करू न देता रुग्णालयात पाठवावे. या पुड्यांनी आपल्या शास्त्राचे नाव जितके बदनाम केले आहे तितके कोणत्याही टीकाकाराने केलेले नाही.

आपली औषधे सोबत देताना

रुग्ण दोन्हीकडची औषधे घेतो व प्रायः एकमेकांपासून लपवितो. त्यास न रागावता विचारावे. पुढील द्रव्यांविषयी आमचे मत सावधगिरीचे आहे.

यष्टिमधु : मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ दिल्यास शरीरात मीठ व पाणी साठते आणि पोटॅशियम घटते. स्टेरॉइडचाही हाच दोष असल्याने दोन्ही एकत्र टाळावीत.

गुडूची, अश्वगंधा व तत्सम रसायने : प्रतिकारसामर्थ्य उत्तेजित करणारी म्हणून दिली जातात. ज्या व्याधीत तेच दाबावयाचे आहे तेथे ती देऊ नयेत. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराचे वृत्त प्रसिद्ध केले, त्यात स्वयंप्रतिकाराची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने त्यावर, वापरलेली वनस्पती खरोखर गुडूचीच होती याची तपासणी झाली नव्हती, असा आक्षेप घेतला. वाद बाजूस ठेवला तरी स्वयंप्रतिकारजन्य व्याधीच्या रुग्णात जपून राहणे हेच श्रेयस्कर.

लसूण : लसूण-कांदा वर्गातील गंधकयुक्त द्रव्ये काही रुग्णांत पेंफिगस उत्तेजित करतात असे नोंदले गेले आहे. लशुनाचे औषधी योग टाळावेत.

रसौषधी : यकृत व वृक्क यांवर आधीच भार असताना देऊ नयेत.

मग आपल्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. व्रणांची स्वच्छता, आहार, निद्रा, मलप्रवृत्ती, मनोधैर्य ही सर्व आपली क्षेत्रे आहेत. उकळून कोमट केलेल्या पाण्याने व्रण धुवावेत, घासू नयेत. कापड व्रणास चिकटून त्वचा ओढली जाते. तेथे केळीचे पान उपयोगी पडते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी भाजलेल्या जखमांवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांच्या आच्छादनाचा अभ्यास करून २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. खानदेशात ही सामग्री मुबलक आहे. पान निर्जंतुक करण्याची रीत रुग्णालयाकडून समजून घ्यावी व ते रोज बदलावे. मुखव्रण असता मिरची, आंबट, कडक भाकरी वर्ज्य करून नागलीची पातळ आंबील, मऊ भात, मुगाचे वरण, दूध, पचत असल्यास अंडे द्यावे. मीठ कमी ठेवावे. नागली व दूध यांतून हाडांच्या रक्षणासाठी आवश्यक असलेला कॅल्शियमही मिळतो. तज्ज्ञांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र त्यामुळे बंद करू नयेत. मिरची खुडण्याचे काम व्रण भरेपर्यंत थांबवावे. घरातील लोकांस सांगावे की हा व्याधी स्पर्शाने पसरत नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-पाणी वेगळे करू नये. आमच्या अनुभवात या एका वाक्याने रुग्णेस गोळ्यांइतकाच धीर आला.

उपसंहार

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे तीक्ष्ण आहेत. त्यांची निंदा करणे सोपे आहे व रुग्णासही ती निंदा ऐकावयास आवडते. परंतु पेंफिगसमध्ये त्यांना पर्याय म्हणून ठेवता येईल असे सिद्ध औषध आज आपणांकडे नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. हे मान्य केल्याने आयुर्वेदास कमीपणा येत नाही. साध्यासाध्यविवेक हाच वैद्याचा खरा गौरव होय.

न भरणारा मुखव्रण वेळीच ओळखावा, रुग्णास योग्य ठिकाणी पाठवावे, आणि तो परतल्यावर त्याची गोळी तुटू देऊ नये, एवढी तीन कर्तव्ये पाळली तरी आपल्या परिसरातील एखादा जीव वाचेल. आमची रुग्णा आता नियमित तपासणीस जाते. गेल्या दिवाळीनंतर ऊसतोडीस निघताना तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी आम्ही हातातील काम बाजूस ठेवले, तिला व तिच्या पतीस बसविले आणि उत्तर दिले, “ताई, गोळी चालूच ठेवायची. कमी करायची ती फक्त मोठ्या डॉक्टरांनी सांगितल्यावर.” तिने कागद पदरात बांधला व ती गेली.

इत्यलम्।